झांबेझीकांठची सफारी व तिचे ओझेकरी

मध्य आफ्रिकेंत झांबिया व झिंबाब्वे या दोन राष्ट्रांच्या सीमेवर झांबेझी नदीचा प्रसिद्ध धबधबा आहे. तेथें हल्लीं जो प्रवासी सुटी घालविण्यास जातो त्याचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटे उघड्या मोटारींतून रानांत जाऊन हत्ती, रानरेडे व जिराफ पाहावयाचे; दुपारीं दरीवरील लोहमार्गाच्या पुलाच्या मध्यावरून, पायांस रबरी दोर बांधून, १११ मीटर खालीं उडी घ्यावयाची; दुसरे दिवशीं रबरी तराफ्यांत बसून घळींतील खळाळांतून वाहत जावयाचें; आणि निघण्यापूर्वीं लहानशा विमानांतून धबधब्यावर एक घिरटी घालावयाची. पहिल्या प्रकारास सफारी म्हणतात, बाकीच्यांस साहसाचे खेळ. दोन्ही मिळून आतां एकच माल झाला आहे व तो एकाच दुकानीं विकत मिळतो.

असा विषय या त्रैमासिकांत कशास, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, या सुटीचा पूर्वेतिहास म्हणून जें कांहीं छापलें जातें तें थोड्याशा प्रवासवर्णनांतील चार-दोन वाक्यांवर व हॉटेलांच्या जाहिरातपत्रकांवर उभें आहे. तीं प्रवासवर्णनें खोटीं नाहींत, पण तीं पुरतीं वाचलींही जात नाहींत. तींच शांतपणें पुन्हां वाचलीं तर त्यांत अशीं माणसें जागोजाग आढळतात कीं ज्यांच्या खांद्यावर ही सारी मौज प्रथमपासून चालत आली. शिवाय या प्रकरणांतील एक महत्त्वाचा लेख कोरणारा हात नाशिकास अक्षरें गिरवून गेलेला होता. तेव्हां हा विषय आपल्याहि अंगणांतला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'सफारी' हा स्वाहिली शब्द असून त्याचें मूळ अरबी 'सफर' हें आहे. तोच अरबी शब्द फारशीच्या वाटेनें मराठींत येऊन 'सफर' याच रूपानें राहिला. एकाच मुळाच्या दोन फांद्या, एक झांजीबारच्या किनाऱ्यावर वाढली, दुसरी आपल्याकडे. उलट दिशेनेंहि कांहीं शब्द गेलेले आहेत. स्वाहिलींत मोटारीस 'गारी' म्हणतात ती आपली गाडीच, आणि 'चपाती' तर रूप न बदलतां तिकडे नांदते आहे. धबधब्याजवळच्या लोकांची भाषा मात्र स्वाहिली नव्हे. तेथें टोंगा, लेया, लोझी इत्यादि लोकांच्या बोली आहेत. तिकडे 'सफारी' हा शब्द इंग्रजीच्या पाठीवर बसून बाहेरून आला.

स्वाहिलींत सफारी म्हणजे कोणताहि प्रवास. एकोणिसाव्या शतकांत किनाऱ्यावर त्याला जो विशेष अर्थ होता तो तांड्याचा. अंतर्भागांतून हस्तिदंत खालीं आणावयाचा आणि कापड, मणी व तार वर न्यावयाची, असा हा व्यापार. त्सेत्से माशीच्या दंशानें बैल-घोडे मरत, म्हणून ओझें माणसाच्या डोक्यावरच गेलें पाहिजे. अशा ओझेकऱ्यास 'पागाझी' म्हणत आणि त्याचें ओझें साधारणतः ६० ते ७० पौंडांचें असे. या व्यापारास लागणाऱ्या भांडवलाचा मोठा भाग झांजीबारांतील कच्छी पेढ्यांचा होता. तेथील सुलतानाच्या जकातीचा मक्ताहि पुष्कळ काळ कच्छी भाटिया पेढीकडे होता. याच वाटांनीं गुलामांचा व्यापारहि चाले, ही गोष्ट सफारी या शब्दाचा इतिहास सांगतांना वगळतां येत नाहीं.

शिकारीचा अर्थ या शब्दास मागाहून चिकटला. तो जगभर पसरविण्याचें श्रेय अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस द्यावें लागेल. अध्यक्षपद सोडतांच सन १९०९ च्या एप्रिलांत ते मोंबासास उतरले. दोनशेंहून अधिक ओझेकऱ्यांचा तांडा त्यांच्याबरोबर होता. त्यांनीं व त्यांचे पुत्र करमिट यांनीं मिळून ५१२ जनावरें मारलीं. त्यांपैकीं २९६ बापाचीं व २१६ मुलाचीं. हा हिशेब रूझवेल्ट यांनीं आपल्या १९१० च्या प्रवासग्रंथांत जमाखर्चाच्या नेटकेपणानें मांडला आहे. पुढें बंदुकीच्या जागीं कॅमेरा आला आणि शिकारीच्या रानांचीं रक्षित वनें झालीं. धबधब्याच्या दक्षिणेस असलेलें ह्वांगे हें रान सन १९२८ मध्यें रक्षित झालें. तांडा गेला, मोटार आली. शब्द मात्र तोच राहिला.

आतां धबधब्याकडे वळूं. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यानें तो प्रथम पाहिला ती तारीख १६ नोव्हेंबर १८५५ अशी सर्वत्र दिली जाते. त्यानें त्यास इंग्लंडच्या राणीचें नांव दिलें. कोलोलो लोक त्यास 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गर्जणारा धूर, असें म्हणत. त्याहून जुनें 'शोंग्वे' हें नांवहि लिव्हिंग्स्टननेंच नोंदून ठेविलें आहे. धबधब्यालगत तीन स्थळीं बाटोका सरदार आपल्या पितरदेवतांस प्रार्थना व बळी अर्पण करीत, असेंहि तो लिहितो. म्हणजे 'शोध' लागण्यापूर्वीं तें एक जागतें दैवत होतें. आजकाल पाणी उतरल्यावर प्रवासी त्याच्या कड्यावरील बेटाशेजारच्या एका डोहांत पोहतात व त्या डोहास सैतानाचें नांव देतात. नांव देणाऱ्यांनीं जुन्या नोंदी चाळल्या असत्या तर त्यांनीं दुसरें नांव शोधलें असतें, असें आम्हांस वाटतें.

लिव्हिंग्स्टनचा सन १८५७ चा ग्रंथ याविषयींचें आद्य साधन. त्यांतील एक वाक्य इतक्या वेळां उद्धृत झालें आहे कीं विमानांतील घिरटीसहि त्यावरूनच 'देवदूतांचें उड्डाण' हें नांव पडलें. परंतु मूळ ग्रंथांत तें वाक्य कोठें आलें आहे हें पाहावें. डोणी धबधब्याकडे येत असतांना वरच्या अंगास नदीचें जें विस्तीर्ण पात्र, त्यांतील बेटें आणि कांठची वनश्री दिसते, तिच्या वर्णनांत देवदूतांचा उल्लेख आहे. उडी घेणाऱ्या पाण्याच्या वर्णनांत नाहीं. पुढच्याच वाक्यांत लेखक पाठीमागें डोंगर नसल्याबद्दल चुकचुकतो. धबधब्याशीं आल्यावर तो कवित्व सोडून मापें घेऊं लागतो, आणि तींहि चुकतो: रुंदी सुमारें हजार यार्ड व खोली सुमारें शंभर फूट. वस्तुतः रुंदी १,७०८ मीटर व उंची १०८ मीटर आहे. सन १८६० मध्यें पुन्हां आल्यावर त्याच्या मंडळींपैकीं एकजण कड्यावर पालथा पडला व बंदुकीच्या गोळ्या आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधलेली दोरी खालीं सोडण्यांत आली. ३१० फूट दोरी गेली तरी ती पाण्याला टेकली नाहीं. पहिली चूक त्यानें स्वतःच दुरुस्त केली, हें त्याच्या प्रामाणिकपणास शोभण्यासारखेंच आहे.

पण आमच्या मतें या ग्रंथांतील सर्वांत मोलाची जागा दुसरीच आहे. धबधब्याच्या अगदीं ओठावरील बेटावर लिव्हिंग्स्टन कसा पोंचला? वरच्या मुक्कामाहून निघून शेवटच्या टप्प्यांत तो एका हलक्या डोणींत बसला. तिचे नावाडी त्या खळाळांस पुरते ओळखणारे होते. प्रवाहाच्या मधोमध, खडकांमुळें निर्माण होणाऱ्या भोवऱ्यांतून व निवांत पाण्यांतून वाट काढीत, त्यांनीं त्यास कड्यापासून कांहीं यार्डांवर नेऊन उतरविलें. थोडें चुकलें असतें तर डोणी सरळ खालीं गेली असती. ज्यास आज खळाळांतील साहस म्हणतात त्याचा या ठिकाणचा पहिला लेखी दाखला हा. आणि त्यांत वल्हें धरणारे स्थानिक असून लिव्हिंग्स्टन हा नुसता उतारू आहे.

दुसरे दिवशींची हकीकत तर याहून बोलकी आहे. लिव्हिंग्स्टननें मुक्कामावर परतून कोलोलोंचा राजा सेकेलेतू यास सांगितलें कीं तुझ्या मुलखांत याहून दाखविण्यासारखें दुसरें कांहीं नाहीं. तेव्हां सेकेलेतूस कुतूहल वाटलें व तो मुद्दाम पाहावयास आला. आपण त्या खाईंत ओढले तर जाणार नाहीं ना, अशी धास्ती वाटल्याचें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें. त्याचे सोबती मात्र कड्यावरून दगड खालीं टाकून ते लहान लहान होत पाण्याला पोंचण्याआधींच कसे दिसेनासे होतात हें पाहून मौज करीत होते. व्यापार नाहीं, शोध नाहीं, धर्मकृत्य नाहीं. केवळ पाहण्यासाठीं यावें, थोडें भ्यावें आणि भीतीची मौज घ्यावी, असा या स्थळाच्या पर्यटनाचा पहिला नोंदलेला दिवस हाच. त्यांतले प्रवासी आफ्रिकन होते. जाहिरातपत्रकांत ही हकीकत आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं.

त्याच बेटावर लिव्हिंग्स्टननें जर्दाळू व पीच यांच्या आठळ्या आणि कॉफीचें बीं पेरलें, आणि एका झाडाच्या सालीवर आपलीं आद्याक्षरें व १८५५ हा आंकडा कोरला. इतकी एकच हौस आपण केली, अशी कबुली तो देतो. बाग पुढें पाणघोड्यांनीं तुडवून टाकली. हा आमचा पहिला वृक्षलेख. त्यांत नांव एकाचेंच आहे. ज्यांनीं डोणी चालविली त्यांचीं नांवें ना झाडावर, ना ग्रंथांत.

दुसरा वृक्षलेख समजण्यासाठीं मुंबईस यावें लागतें. सन १८६४ मध्यें लिव्हिंग्स्टन 'लेडी न्यासा' नांवाची आपली लहानशी आगबोट विकण्याकरितां झांजीबाराहून स्वतः हांकीत मुंबईस आला. ३० एप्रिल रोजीं निघून ४५ दिवसांनीं, १३ जून रोजीं, तो बंदरांत शिरला. समुद्र कधीं न पाहिलेले सात झांबेझीवासी त्याच्या खलाशांत होते. चूमा व विकतानी हीं दोन पोरें त्यानें मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेंत ठेविलीं. बोटीची आलेली किंमत मुंबईच्या शेअरबाजाराच्या पडझडींत बँक बुडाल्यानें बुडाली, हें त्या काळच्या मुंबईचा इतिहास जाणणाऱ्यांस नवल वाटणार नाहीं.

त्याची शेवटची सफरहि मुंबईहूनच सुटली. ३ जानेवारी १८६६ रोजीं 'थूल' या बोटीनें तो झांजीबारास निघाला. त्याच्या तांड्याची यादी त्याच्या रोजनिशींत आहे: मुंबईच्या मरीन बटालियनचे १३ शिपाई, जोहान्ना बेटाचे १० लोक, नाशिकचे ९ जण, शुपांगाचे २ व चूमा-विकतानी हे दोघे. जनावरांत ६ उंट, ३ म्हशी-रेडे व एक पारडूं, २ खेंचरें व ४ गाढवें. त्सेत्सेच्या दंशास हीं जनावरें टिकतात कीं नाहीं याचा प्रयोग करावयाचा होता. प्रयोग फसला, जनावरें मेलीं. शिपायांनीं तीं छळून मारलीं असा लिव्हिंग्स्टनचा आरोप आहे व त्यानें त्या शिपायांस वाटेंतून परत पाठविलें. ही साक्ष एका पक्षाची आहे, हें लक्षांत ठेवून ती वाचावी.

हे 'नाशिकचे ९ जण' कोण? समुद्रावर इंग्रजी आरमारानें गुलामांचीं गलबतें पकडलीं म्हणजे त्यांतील सोडविलेल्या मुलांस मुंबईस उतरवीत. त्यांपैकीं कांहींजणांस नाशिकाजवळ शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमांत ठेवून वाचन-लेखन व सुतारकाम-लोहारकाम शिकवीत. इंग्रजी ग्रंथांत त्यांस सरसकट 'नासिक बॉइज' म्हटलें आहे. सन १८७२ मध्यें स्टॅन्लेनें लिव्हिंग्स्टनसाठीं जो नवा तांडा पाठविला त्यांतहि शरणपूरचे कांहीं तरुण होते. जेकब वेनराइट त्यांपैकीं एक. तो मूळचा याओ जातीचा.

सन १८७३ च्या मेच्या आरंभीं, हल्लींच्या झांबियांतील चितांबो सरदाराच्या गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावला. तांड्यानें त्याचें काळीज एका मोठ्या झाडाखालीं पुरलें. वेनराइटनें प्रार्थना वाचली आणि त्या झाडाच्या बुंध्यावर लेख कोरला. त्यांत लिव्हिंग्स्टनचें नांव आहे, ४ मे १८७३ ही तारीख आहे, आणि सोबत्यांपैकीं कांहींजणांचीं नांवें आहेत. कोरणाराचें स्वतःचें नांव मात्र त्यांत नाहीं. झाड किडीनें पोखरूं लागल्यावर सन १८९९ मध्यें तें तोडून लेखाचा भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यांत आला. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या रोजनिशा १८७४ सालीं होरेस वॉलर यानें छापल्या. त्यानें मृत्यूची तारीख १ मे धरली व तीच सर्वत्र रूढ झाली. झाडावरची तारीख तीन दिवसांनीं पुढें आहे. समकालीन, जागेवरचा, साक्षीदारानें कोरलेला लेख एका बाजूस आणि संपादकाची गणना दुसऱ्या बाजूस, असा हा प्रसंग. आपल्याकडे ताम्रपट व बखर यांत असा विरोध आला असतां आपण काय करतों, हें वाचकांस सांगावयास नको. मात्र लेखांतली तारीख मृत्यूची कीं पुरण्याच्या विधीची, हाहि विचार करावा लागेल, आणि आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

पुढें या मंडळींनीं तें प्रेत मिठांत व उन्हांत वाळवून, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रावर आणलें. सन १८७४ च्या फेब्रुवारींत ते किनाऱ्यास लागले. १८ एप्रिल रोजीं वेस्टमिन्स्टरच्या मठांत दफन झालें तेव्हां पेटीस खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. चूमा व सूसी मागाहून विलायतेस पोंचले. वेनराइटनें या सफरीची रोजनिशी इंग्रजींत लिहिली होती. तिचें जर्मन भाषांतर पेटरमानच्या भूगोलविषयक मासिकांत १८७४ सालींच आलें. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडांत ब्लँटायर येथील लिव्हिंग्स्टनच्या जन्मस्थानाच्या संग्रहालयांत असून २०१९ सालीं त्याची छायाप्रतींसह आवृत्ति प्रसिद्ध झाली. ओझेकऱ्यांच्या बाजूनें, ओझेकऱ्यांतल्याच एकानें लिहिलेली सफारीची बखर असें तिला म्हणतां येईल. ती वाचल्याशिवाय सफारीचा इतिहास लिहूं नये.

धबधब्याकडे परत येऊं. सन १८६२ मध्यें चित्रकार टॉमस बेन्स तेथें आला. त्याचीं रंगीत चित्रें १८६५ त लंडनमध्यें छापलीं गेलीं व त्यांनीं या स्थळाची कीर्ति केली. परंतु गर्दी आणली ती आगगाडीनें. बुलावायोकडून लोहमार्ग १९०४ च्या एप्रिलांत धबधब्यापाशीं पोंचला व त्याच वर्षीं हॉटेल निघालें. सेसिल ऱ्होड्स यास पूल अशा जागीं हवा होता कीं गाडीवर तुषार पडावे. तो स्वतः १९०२ सालीं, धबधबा न पाहतांच, वारला.

पुलाचें काम हा आमच्या विषयाचा खरा दुवा आहे. आरंभीं दरीपलीकडे जाण्यास मार्ग नव्हता. अग्निबाणानें एक बारीक दोरी पलीकडे फेंकली, तिच्यामागून जाड दोर, त्यामागून पोलादी तार ओढली, आणि त्या तारेवर विजेनें चालणारा पाळणा बसविला. नायागाऱ्यावर दोरावरून चालत गेलेल्या डोंबाऱ्याच्या नांवावरून त्यास 'ब्लाँडिन' म्हणत. सामान व माणसें त्यांतून दरी ओलांडीत. दोन्ही कड्यांकडून कमान अधांतरीं पुढें वाढवीत आणली. मधले तुकडे दिवसाच्या उष्णतेनें वाढल्यामुळें बसेनात. रात्रीं थंड झाल्यावर १ एप्रिल १९०५ रोजीं सूर्योदयाच्या सुमारास ते नेमके बसले. १२ सप्टेंबर १९०५ रोजीं चार्ल्स डार्विनचे पुत्र प्राध्यापक जॉर्ज डार्विन यांनीं पूल उघडला. नदीपासून त्याची उंची १२८ मीटर. ज्या दरीवर मजूर पोटासाठीं तारेला लटकले तिच्यावरच आज पर्यटक पैसे भरून तारेला लटकतो. यांत उपहास करण्यासारखें कांहीं नाहीं. पण जाहिरातदार 'नवें साहस' म्हणतात तेवढें तें नवें नव्हे.

खेळांचें वेडहि तितकेंच जुनें. धबधब्याच्या वरच्या संथ पात्रांत होड्यांच्या शर्यती १९०५ च्या जूनमध्यें झाल्या. १८ ऑगस्ट १९१० रोजीं तर एकट्यानें दोन वल्ह्यांची होडी चालविण्याची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत याच नदीवर झाली व तींत न्यूझीलंडच्या अर्न्स्टनें इंग्लंडच्या बॅरीचा पराभव केला. पाणघोड्यांच्या नदींत ही शर्यत ठरविणाऱ्यांचें धाडस शर्यत खेळणाऱ्यांहून कमी नव्हतें.

हॉटेलापासून धबधब्यापर्यंत मात्र साहेबलोकांस चालणें नकोसें होई. म्हणून १९२० सालीं दोन फुटी रुळांवर छत्रीच्या लहान गाड्या बसविल्या. उतारावर त्या आपोआप जात. चढावर स्थानिक माणसें त्या ढकलीत. ही सोय १९५७ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षें, चालली, आणि लक्षावधि प्रवासी तींतून वाहिले गेले. त्यांपैकीं एक गाडी हल्लीं जुनी शोभेची वस्तु म्हणून दाखवितात. जुन्या छायाचित्रांत गाडींत बसलेल्यांचीं टोप्यांसह तोंडें स्पष्ट आहेत. मागें ढकलणाराचा हात दिसतो.

पुढें नदीच्या खालच्या अंगास करिबाचें धरण झालें. त्याच्या जलाशयानें सुमारें ५७,००० टोंगा लोकांस घरें सोडावीं लागलीं. बुडत्या टेकड्यांवरून १९५९ नंतरच्या पांच वर्षांत सहा हजारांवर रानटी जनावरें पकडून वांचविलीं. त्या कामास बायबलांतील नोहाचें नांव देण्यांत आलें व तें जगभर गाजलें. तीं जनावरें आज सफारीच्या रानांची शोभा आहेत. टोंगांच्या स्थलांतरास तसें कोणतेंच गोंडस नांव मिळालें नाहीं.

ऱ्होडेशियाच्या यादवीच्या काळांत सन १९७३ मध्यें सीमा बंद झाली आणि सुटीची वर्दळ आटली. २५ व २६ ऑगस्ट १९७५ या दिवशीं त्याच पुलाच्या मध्यावर आगगाडीचा डबा उभा करून इयन स्मिथ व आफ्रिकन पुढारी यांच्यांत वाटाघाटी झाल्या. सीमारेषा टेबलाच्या मधोमध येईल अशा बेतानें डबा उभा केला होता, म्हणजे कोणासहि परक्या मुलखांत बसावें लागूं नये! बोलणीं फिसकटलीं. सन १९८० मध्यें झिंबाब्वे स्वतंत्र झालें व लगोलग, १९८१ सालीं, एका अमेरिकन मंडळीनें तराफ्यांतून धबधब्याच्या पायथ्यापासून खालच्या घळींतून प्रवास केला. धंदा म्हणून तराफे त्यानंतर सुरू झाले. रबरी दोराच्या उड्या १९९४ पासून. ३१ डिसेंबर २०११ रोजीं उडीच्या वेळीं दोर तुटला. उडी घेणारी तरुणी बांधल्या पायांनीं पोहत कांठास लागली व वांचली.

तराफ्यांच्या या खेळावर आतां स्वतःवरच गदा येऊं पाहत आहे. धबधब्यापासून सुमारें ५० किलोमीटर खालीं बाटोका घळींत वीज उत्पन्न करण्यासाठीं उंच धरण बांधण्याची योजना दोन्ही राष्ट्रांनीं आखलेली आहे. तें झालें तर पाणी घळींत वर चढत येईल आणि बहुतेक खळाळ त्याखालीं जातील. विजेची निकड दोन्ही देशांस खरोखरीच आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण करिबाच्या वेळीं काय गमावलें गेलें याची पुरी मोजदाद पाणी चढण्यापूर्वीं झाली नव्हती. बाटोकाच्या वेळीं तरी ती आधीं व्हावी, आणि तींत खळाळांबरोबर त्यांवर पोट भरणाऱ्यांचीहि गणना व्हावी.

कारण तराफ्यांचा प्रवास संपतो तेथें घळीचे कडे दोनशें मीटरांच्या सुमारास उंच आहेत. पर्यटक काठी टेंकीत, धापा टाकीत वर चढतो. त्याच्या पुढें, अनवाणी किंवा झिजक्या वहाणांनीं, आसपासच्या गांवचे तरुण तराफ्यांचीं ओझीं व वल्हीं खांद्यावर घेऊन चढत असतात. स्वाहिली भाषा त्यांस येत नाहीं. येत असती तर आपण 'पागाझी' आहों हें त्यांनीं ओळखलें असतें.

शेवटीं आपल्याकडील संग्राहकांस एक विनंति. शरणपूरच्या आश्रमासंबंधींचीं जुनीं पत्रें, हजेरीपट, मुलांच्या शिकाऊ वह्या, अथवा १८६६ सालीं मुंबईहून आफ्रिकेस गेलेल्या मरीन बटालियनच्या शिपायांच्या घराण्यांतील कागद कोणाच्या दप्तरांत असतील तर त्यांनीं ते रद्दींत न घालतां त्यांची नक्कल या त्रैमासिकाकडे धाडावी. मोडी लिपींतील कागद असल्यास मूळच दाखवावे. नकलेंत नांवें बिघडतात.